रशियन चांदीची सिगारेटपेटी: आकडा, आग आणि आद्याक्षरे

झारकालीन रशियातील चांदीची सिगारेटपेटी हाती आली, की हौशी संग्राहकाची नजर प्रथम आतील बाजूस उमटविलेल्या '८४' या आकड्यावर स्थिरावते, आणि कोणी त्यास १८८४ हे निर्मितिवर्ष समजून, तर कोणी शेकडा चौऱ्याऐंशी शुद्धता मानून, आपले समाधान करून घेतो. दोन्ही तर्क सपशेल चुकीचे! रशियन पौंडाचे ९६ झोलोत्निक होत असत आणि त्या ९६ भागांत निर्भेळ चांदी किती, एवढेच तो आकडा सांगतो. अर्थात येथे हजारी ८७५ भाग चांदी, बाकीचे हीण, बहुधा तांब्याचे. आपल्या सराफाच्या हिशेबाने हा एकवीस कॅरटचा कस झाला, आणि ८८ म्हणजे बावीसचा. कालनिर्णयच करावयाचा, तर शेजारची सरकारी मोहोर न्याहाळावी: कोकोश्निक हे शिरोभूषण ल्यालेल्या स्त्रीचे मुख १८९९ पासून डावीकडे, तर १९०८ पासून उजवीकडे वळलेले आढळते. त्यापूर्वीच्या जिनसांवर शहराची मोहोर, कस पाहणाऱ्या अंमलदाराची आद्याक्षरे आणि बहुधा चार अंकी साल स्वतंत्रपणे नोंदलेले असे.

काही पेट्यांचा पृष्ठभाग इतका खडबडीत व सुरकुतलेला असतो, की ती वस्तू अग्निप्रलयातून वाचली असावी अशी शंका यावी. आगीचा संबंध आहे खरा, परंतु तो हेतुपुरस्सर जोडलेला. 'सामोरोदोक' या पद्धतीत पत्रा वितळण्याच्या अगदी सीमेपर्यंत तापवून एकाएकी निववीत, म्हणजे त्यास खाणीतून निघालेल्या ओबडधोबड ढेपेचे रूप येई. क्षणाचा विलंब झाला तर साराच पत्रा हातचा जावयाचा. अशा रांगड्या झाकणावर नीलमण्याची गुळगुळीत खीळ बसविणाऱ्या कारागिराची रसिकता मला तरी झगझगीत मिन्यापेक्षा अधिक श्रेष्ठ वाटते.

वेलिकी उस्त्युग या रशियन शहरातील पेट्यांवरच्या काळ्या नक्षीला मळ समजून घासणारे महाभागही आहेत. चांदी, तांबे, शिसे व गंधक यांचे मिश्रण कोरलेल्या रेषांत वितळवून, वर आलेला भाग कानशीने समतल करून ती नक्षी सिद्ध होते. घासणाऱ्याच्या हाती कलेचा नाशच लागतो.

राहता राहिले फाबर्जे. त्या नावाची प्रत्येक पेटी कार्ल फाबर्जे यांनी स्वहस्ते घडविली, ही समजूत निराधार होय. पेढीचे मालक व मार्गदर्शक ते होते. पीटर्सबर्ग येथील काम मिखाईल पेर्खिन, हेन्रिक विगस्ट्रॉम यांसारख्या मुख्य कारागिरांच्या देखरेखीखाली चाले आणि त्यांची आद्याक्षरे वस्तूवर उमटत. मॉस्कोच्या मालावर मात्र बहुधा पेढीचेच नाव व द्विमुखी गरुड असे.