हृदयाची कुजबुज आणि आकड्यांचा जिना

दवाखान्यात ई.सी.जी. काढताना तुम्ही पाहिले असेल. हृदयाच्या प्रत्येक ठोक्याबरोबर त्वचेवर जेमतेम १ मिलिव्होल्ट विभवांतर उमटते. हॉलंडमधील विलेम आइनथोव्हन यांनी विसाव्या शतकाच्या आरंभी रुग्णाचे हात मिठाच्या पाण्यात बुडवून ते गॅल्व्हानोमीटरने टिपले. त्याबद्दल १९२४ साली त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले. आजच्या यंत्रात मात्र या विभवांतराचे आकडे करावे लागतात. ते काम अंकीय परिवर्तक करतो.

परिवर्तक म्हणजे एक जिना समजा. जिन्याची उंची ५ व्होल्ट आणि पायऱ्या १० बिट, म्हणजे १०२४. मग एक पायरी सुमारे ४.९ मिलिव्होल्टची झाली. हृदयाचा सगळा संकेत पहिल्या पायरीखालीच राहील! उलट, हृदयविकाराचा झटका ओळखताना डॉक्टरांना ०.१ मिलिव्होल्टचा फरकही महत्त्वाचा असतो.

तुम्ही म्हणाल, विवर्धकाने संकेत १००० पट करा. १ मिलिव्होल्टचा १ व्होल्ट होईल, सुमारे २०५ पायऱ्या मिळतील. पण खरी मेख येथेच आहे. धातूची पट्टी आणि त्वचेवरील खारट ओलावा यांचा मिळून जणू एक विद्युत घट बनतो. त्याचे विभवांतर ३०० मिलिव्होल्टपर्यंत जाईल असे धरून यंत्र बनवतात. त्याची हजारपट म्हणजे ३०० व्होल्ट! विवर्धक तेवढे देऊच शकत नाही.

यावर दोन मार्ग आहेत. पहिला, हे स्थिर विभवांतर कपॅसिटरने अडवायचे. दुसरा, संकेत सहापटच वाढवायचा आणि पायऱ्या बारीक करायच्या. ३०० मिलिव्होल्टचे १.८ व्होल्ट होतात. ते जिन्यात मावतात आणि नंतर आकडेमोडीत वजा करता येतात. २४ बिटांच्या परिवर्तकात १,६७,७७,२१६ पायऱ्या असतात. हृदयाच्या वाट्याला त्यांतील सुमारे २०,००० येतात.

मात्र सगळ्याच पायऱ्या विश्वासाच्या नसतात. इलेक्ट्रॉनांच्या उष्णताजन्य हालचालीमुळे शेवटच्या काही पायऱ्यांवर आकडा सतत डळमळतो. म्हणून भराभर अनेक मापने घेऊन सरासरी काढतात. १६ मापनांच्या सरासरीत हा गोंगाट चौथ्या हिश्शावर येतो. घरगुती विजेची ५० हर्ट्झची गुणगुण वेगळी. ती दोन्ही हातांवर जवळजवळ सारखीच असते. म्हणून दोन्ही हातांमधला फरक तेवढा वाढवला की ती बरीचशी नाहीशी होते.

आता तुम्ही गणित करा : ५ व्होल्टच्या १२ बिटी परिवर्तकापूर्वी १०० पट विवर्धन केले, तर ०.१ मिलिव्होल्टला किती पायऱ्या मिळतील?