पिल्लाआधी त्याची आई पाहावी

गेल्या काही वर्षांत आपल्या समाजातील अनेक घरांत लॅब्राडोरचे आगमन झाले आहे. कोठे मुलांचा हट्ट असतो, कोठे बंगल्याला राखण हवी असते, कोठे पेढीतून निवृत्त झालेल्या आजोबांना सोबत. (राखणीच्या कामी हा प्राणी फारसा उपयोगी नाही, चोराचेही तो शेपूट हलवून स्वागत करील, हे आधीच सांगून ठेवलेले बरे.) माणसांत रमणारा, शिकवलेले चटकन उचलणारा असा त्याचा स्वभाव, तेव्हा निवडीला नावे ठेवता येत नाहीत. प्रश्न आहे तो खरेदीचा. कापसाची गाठ घेताना नमुना ओढून पाहणारा आणि नव्या गिऱ्हाइकाची पत चार ठिकाणी विचारणारा आपला व्यापारी, पिल्लू मात्र मोबाइलवरील छायाचित्र पाहून ठरवतो आणि पैसे पाठवून मोकळा होतो.

श्रावकाच्या दृष्टीने ही खरेदी साधी नाही. शास्त्रांनी वर्ज्य सांगितलेल्या पंधरा कर्मादानांत केशवाणिज्य आहे, म्हणजे द्विपाद व चतुष्पाद जीवांचा व्यापार. तसेच असतीपोषणही आहे. हेमचंद्राचार्यांनी योगशास्त्रात असतीपोषणाचा अर्थ सांगताना पोपट, मैना, मांजर यांच्याबरोबर कुत्र्याचाही उल्लेख केला आहे, आणि तेथे धनासाठी केलेले पोषण अभिप्रेत आहे. कुत्र्याला घरात आसरा देणे ही निराळी गोष्ट. जन्माला घालून विकण्याचा धंदा आपण स्वतः करत नाही हे खरे. पण तो आपल्या पैशावर चालतो. कृत, कारित आणि अनुमोदित हा भेद लहानपणापासून ऐकलेल्या समाजाला 'आम्ही केवळ विकत घेतले' हे उत्तर पुरेसे वाटू नये.

म्हणून पहिला विचार विकत न घेण्याचा व्हावा. १८३२ साली मुंबईत बेवारस कुत्रे मारण्याची सरकारी मोहीम निघाली, तेव्हा पारशी समाज रस्त्यावर उतरला आणि जैन व हिंदूही त्या विरोधात सामील झाले. त्यानंतर दोनच वर्षांनी मुंबईचे पांजरापोळ उभे राहिले. आज शहरोशहरीच्या प्राणी-निवाऱ्यांत मोठे झालेले लॅब्राडोरही सापडतात. कोणाची बदली झाली, कोणाला केसांचा त्रास झाला, कोणाचा उत्साह सहा महिन्यांत ओसरला. असा तीन-चार वर्षांचा, शांत झालेला कुत्रा ज्येष्ठांच्या घराला पिल्लापेक्षा अधिक मानवतो, असे माझे स्पष्ट मत आहे.

तरीही पिल्लूच हवे असेल, तर ते कोणाकडून घ्यावे? आचार्य उमास्वातींच्या तत्त्वार्थसूत्रात अहिंसाणुव्रताचे पाच अतिचार सांगितले आहेत: बंध, वध, छेद, अतिभारारोपण आणि अन्नपाननिरोध. पिल्लांच्या पैदाशीची जागा पाहताना याहून नेमकी कसोटी मला सुचत नाही. मात्र ती लावायची पिल्लाला नव्हे, त्याच्या आईला. पिल्लू कोठेही गोंडसच दिसते. आई खरे सांगते.

तेव्हा प्रत्यक्ष जावे आणि आई दाखवण्यास सांगावे. तिला दुसऱ्या गावी पाठवले आहे, ती आजारी आहे, अशी उत्तरे मिळाल्यास तेथून परतावे. बाप मात्र तेथे नसला तरी शंका घेण्याचे कारण नाही; चांगले पालक योग्य नरासाठी मादीला दूरच्या गावीही नेतात. विण्यानंतर मादीचे केस गळतात, ती थोडी उतरलेली दिसते, हेही स्वाभाविक. पाहायचे ते निराळे. तिची नखे वाढून वळली आहेत का? तसे असेल तर तिला क्वचितच पिंजऱ्याबाहेर काढले जात असावे. मालकाने हात उचलताच ती दबते का? उठताना मागचे पाय आखडतात का? पाण्याचे भांडे भरलेले आहे का?

अतिभार म्हणजे केवळ पाठीवरचे ओझे नव्हे. वर्षामागून वर्षे पिल्ले देत राहणे हाही भारच. केंद्र सरकारच्या २०१७ च्या श्वान-प्रजनन व विक्री नियमांनी याला मर्यादा घातली आहे. मादी किमान अठरा महिन्यांची हवी, बारा महिन्यांत एकच वेत, आयुष्यात पाचांहून अधिक नाहीत आणि वयाच्या आठ वर्षांनंतर एकही नाही. पैदास करणाऱ्याने राज्य प्राणी कल्याण मंडळाकडे नोंदणी केलेली असावी लागते. नोंदणीपत्र मागण्यात संकोच कसला? आपणही दुकानात परवाना टांगतोच की.

याच नियमांनुसार आठ आठवड्यांपेक्षा लहान पिल्लू विकता येत नाही. बाजारात मात्र 'पंचेचाळीस दिवसांचे झाले, घेऊन जा' हीच भाषा ऐकू येते. पिल्लू लहान असताना अधिक लोभस दिसते, आणि विक्रेत्याचा दहा-बारा दिवसांचा खुराक वाचतो, एवढाच त्यातला हिशेब. नुकसान घेणाऱ्याचे होते. आई आणि भावंडांत खेळताना चावा किती जोराचा असावा हे पिल्लू त्याच दिवसांत शिकत असते; लवकर तोडलेले पिल्लू तो धडा आपल्या मुलांच्या हातांवर गिरवते.

कागदपत्रांविषयी थोडे सविस्तर सांगावे लागेल, कारण येथेच बहुतेकांची गल्लत होते. केनल क्लब ऑफ इंडियाचे प्रमाणपत्र वंश सांगते, आरोग्य नव्हे. लॅब्राडोरमध्ये खुब्याचा सांधा नीट न बसण्याचा हिप डिस्प्लेसिया नावाचा दोष आनुवंशिक असतो, तसाच कोपराचाही. पिल्लात तो डोळ्यांना दिसत नाही, म्हणून आईवडिलांचे क्ष-किरण अहवाल मागावेत. सांध्यांचा खात्रीचा निष्कर्ष साधारण दोन वर्षांच्या वयानंतर मिळतो, त्यामुळे कायदा अठरा महिन्यांची मुभा देत असला तरी जाणता पालक तोवर थांबतो. दुसरी तपासणी जनुकांची. जोराने धावल्यावर मागचे पाय गळून कोसळणे आणि हळूहळू दृष्टी जाणे, हे या जातीतील दोन विकार असे आहेत की दोष आई व बाप दोघांकडून आला तरच पिल्लात प्रकट होतो. दोघेही वरून ठणठणीत, पण दोघांतही सुप्त दोष असला, तर प्रत्येक पिल्लू आजारी निघण्याची शक्यता चारांत एक असते. एक जण जरी पूर्ण निर्दोष असला, तरी त्या विकाराचे पिल्लू होत नाही. एवढ्यासाठी दोन्ही बाजूंचे अहवाल हवेत. ते दाखवणाऱ्याने अधिक किंमत सांगितली, तर ती रास्त समजावी. वंशावळीत आईच्या व बापाच्या बाजूला तेच नाव पुन्हापुन्हा येत असल्यास मात्र कारण विचारावे. लसीची नोंद, मायक्रोचिपचा क्रमांक आणि पक्के बिल, हे तर ओघानेच आले.

चांगला पालक आपलीही उलटतपासणी घेतो. दुकान रात्री नऊपर्यंत असते तर दिवसा घरी कोण? फिरवून आणणार कोण? फरशी गुळगुळीत संगमरवराची आहे का, कारण वाढत्या सांध्यांना ती सोसत नाही. गैरसोय झाली तर पिल्लू परत मी घेईन, दुसऱ्याला देऊ नका, असे तो बजावतो. काहींना हे प्रश्न अपमानास्पद वाटतात. मला ते मुलगी देणाऱ्या घराच्या चौकशीसारखे वाटतात.

राहिला आहाराचा प्रश्न, आणि तो पिल्लू आणण्यापूर्वीच सोडवावा. बहुतेक ठिकाणी पिल्लांना मांसयुक्त तयार खाद्याची सवय लावलेली असते. कुत्र्याला पिष्टमय अन्न लांडग्यापेक्षा बरेच चांगले पचते, त्यामुळे शाकाहारावर तो जगू शकतो. पण दूध-पोळी आणि वरण-भात हा वाढत्या लॅब्राडोरचा पूर्ण आहार नव्हे. प्रथिने व कॅल्शियम यांचे प्रमाण पशुवैद्याकडून ठरवून घ्यावे, तयार शाकाहारी खाद्य घेतल्यास ते वाढत्या पिल्लासाठी आहे ना हे पाहावे, आणि बदल आठ-दहा दिवसांत हळूहळू करावा. एवढी काळजी घेणे जमणार नसेल, तर पिल्लू आणू नये. अन्नपाननिरोध तोही आहे. चौविहार आपला, त्याचा नव्हे. रात्री त्याचे पाणी उचलू नये. पर्युषणातही त्याची वेळ चुकवू नये.

आपल्या स्वयंपाकघराचा एक फायदा मात्र त्याला आपोआप मिळतो. कांदा-लसूण कुत्र्याला विषारी असतात आणि आपल्याकडे ते नसतातच. धोका आहे तो सुक्या मेव्याचा: मनुके व बेदाणे त्याची मूत्रपिंडे निकामी करू शकतात, चॉकलेटही घातक. त्यातून लॅब्राडोर जन्माचा खादाड. केंब्रिजच्या संशोधकांनी २०१६ साली दाखवून दिले की या जातीतील सुमारे एक चतुर्थांश कुत्र्यांत भूक आवरणाऱ्या एका जनुकातच बिघाड असतो. त्याच्या आर्जवी डोळ्यांना भुलून आजीने दिलेली प्रत्येक पुरी त्याच्या खुब्यावर जाऊन बसते. दिवाळीच्या मेव्याचे डबे वरच्या फळीवर, झाकण घट्ट लावून ठेवावेत. खालचा कप्पा उघडायला तो आठवड्याभरात शिकतो.