‘ध्यासपर्व’ पाहिल्यावर घरात निघालेला विषय

माणसाच्या लैंगिक जीवनाचा अभ्यास करणाऱ्या संशोधकावरचा चित्रपट म्हटलं की इंग्रजी ‘किन्सी’चं नाव निघतं. अमेरिकेतल्या आल्फ्रेड किन्सी या प्राणिशास्त्रज्ञावरचा हा चित्रपट २००४ सालचा. पण आपल्या मराठीत असा चित्रपट त्याआधीच येऊन गेला होता. अमोल पालेकर यांचा ‘ध्यासपर्व’ २००१ सालचा. रघुनाथ धोंडो कर्वे झाले आहेत किशोर कदम आणि त्यांच्या पत्नी मालतीबाई झाल्या आहेत सीमा बिस्वास. कुटुंबकल्याण विषयावरचा राष्ट्रीय पुरस्कारही या चित्रपटाला मिळाला. तरी आपल्या पांढुर्णा-सौंसर भागात ज्यांना ज्यांना मी विचारलं, त्यातल्या फार थोड्यांनी हे नाव ऐकलेलं होतं.

रघुनाथराव म्हणजे महर्षी धोंडो केशव कर्वे यांचे थोरले चिरंजीव. जन्म १८८२ चा. मुंबईच्या विल्सन कॉलेजात ते गणित शिकवत. संततिनियमनाबद्दल उघडपणे बोलायला लागले, ते संस्थेला रुचलं नाही आणि प्राध्यापकी सुटली. १९२१ साली त्यांनी मुंबईत संततिनियमन केंद्र सुरू केलं. लंडनमध्ये मेरी स्टोप्स यांचं केंद्रही त्याच वर्षी उघडलं. म्हणजे या बाबतीत आपण जगाच्या मागे नव्हतो.

जुलै १९२७ पासून त्यांनी ‘समाजस्वास्थ्य’ हे मासिक चालवलं. गुप्तरोग, संततिनियमन, स्त्रीचं सुख, वाचकांच्या खासगी शंका, सगळ्यांवर त्यात सरळ भाषेत लिहिलेलं असे. १९३१ मध्ये अश्लीलतेचा खटला झाला, शंभर रुपये दंड झाला. १९३४ मध्ये पुन्हा खटला, या वेळी वाचकांच्या प्रश्नांना दिलेल्या उत्तरांवरून. कर्व्यांच्या बाजूने उभे राहिले डॉ. बाबासाहेब आंबेडकर. खटला हरले, दोनशे रुपये दंड भरला, पण मासिक बंद पडू दिलं नाही. ऑक्टोबर १९५३ मध्ये ते गेले, त्यानंतरच ‘समाजस्वास्थ्य’ थांबलं. वडिलांना पुढे भारतरत्न मिळालं, मुलाच्या वाट्याला दंडाच्या पावत्या आल्या.

हे सगळं मोठंच आहे. पण माझ्या मनात घर केलं ते दुसऱ्याच गोष्टीने. रघुनाथराव आणि मालतीबाईंनी मूल होऊ द्यायचं नाही असं मिळून ठरवलं आणि शस्त्रक्रिया रघुनाथरावांनी स्वतःवर करून घेतली. शंभर वर्षांपूर्वी! लोकांना सांगायचं ते आधी स्वतः करायचं, एवढा साधा हिशेब.

आता आपल्याकडे बघा. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या २०१९-२१ च्या फेरीत देशभरातल्या विवाहित स्त्रियांपैकी ३७.९ टक्के जणींची नसबंदी झालेली होती. पुरुष नसबंदीवर अवलंबून असलेली जोडपी होती ०.३ टक्के. वास्तविक स्त्रीच्या शस्त्रक्रियेत पोटात शिरावं लागतं. पुरुषाची त्या मानाने किरकोळ. जागा बधिर करून बारीक छिद्रातून शुक्राणू वाहून नेणाऱ्या दोन नळ्या बंद करतात आणि माणूस त्याच दिवशी घरी येतो. संप्रेरक रक्तातून जातं, त्या नळ्यांतून नाही. त्यामुळे ताकद आणि इच्छा दोन्ही पहिल्यासारखीच राहतात. एकच पथ्य महत्त्वाचं : साधारण तीन महिने, तपासणीत वीर्य शुक्राणूरहित असल्याचं दिसेपर्यंत, दुसरं साधन वापरायचं.

मी सॉफ्टवेअर इंजिनीअर, तिशीतला, दोन मुलांचा बाप. घर पांढुर्ण्याचं, सासर सौंसरचं. धाकट्या मुलानंतर ‘आता सुनेचं ऑपरेशन केव्हा?’ असं घरात सुरू झालं होतं. तिची दोन्ही बाळंतपणं सिझेरियनची. तिसऱ्यांदा तिनेच का टेबलावर झोपायचं? चित्रपट आम्ही दोघांनी रात्री लॅपटॉपवर पाहिला आणि सकाळी मी सांगून टाकलं, ऑपरेशन माझं होईल.

आईच्या हातातला झारा थांबला. “तू कायले करतं? बाईमाणसाचंच होते न ते. तुले गाडी चालवा लागते, ओझं उचला लागते.” बाबा बराच वेळ गप्प होते. मग त्यांनी आणीबाणीचे दिवस काढले. तेव्हा ते शाळेत जात. नसबंदीची गाडी येते म्हटलं की माणसं शेतात लपून बसत. मला वाटतं, ती भीती आजही अनेक घरांत आहे. जबरदस्ती संपली, पण तो शब्द बदनाम होऊन बसला आणि बायकांच्या माथी ऑपरेशन कायमचं आलं.

गंमत अशी की आपल्या गावाला प्रेमाच्या गोष्टीचं वावडं नाही. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी जाम नदीवर गोटमार होते, तिच्यामागची पांढुर्ण्याचा मुलगा आणि सावरगावच्या मुलीची कथा आपण लेकरांना सांगतोच. पण पळून गेलेल्या त्या दोघांचा संसार, त्यांची मुलं, तिचं आरोग्य यावर कधी कोणी बोलत नाही. कर्व्यांचं सगळं आयुष्य नेमकं त्याच न बोललेल्या भागावर खर्ची पडलं.

म्हणून ‘ध्यासपर्व’ नवराबायकोने एकत्र बसून बघावा. बघून झाल्यावर जे बोलणं निघेल, त्यासाठीच तो बघायचा. निर्णय प्रत्येक घराचा वेगळा असेल, पण तो दोघांचा असावा.

माझी तारीख दिवाळीनंतरची ठरली आहे. आईने अजून ‘हो’ म्हटलेलं नाही. पण परवा भाजी निवडता निवडता तिने विचारलं, “मंग सुट्टी किती दिवसाची घेशीन?”