भोवरा सुटल्यानंतरची आरोळी

पंधरा-सोळा वर्षांपूर्वी आमच्या घरी परातीत दोन प्लॅस्टिकचे भोवरे एकमेकांना धडका देत आणि माझा मुलगा त्यांच्यावर वाकून घसा फुटेस्तोवर ओरडे. ‘अरे, भोवऱ्याला कान नसतात,’ असे मी एकदा म्हणालो. तो गप्प झाला. परात स्वयंपाकघरात परत गेली. त्या वाक्याची बोचणी उरली, म्हणूनच या विषयाकडे वळलो.

तो कार्टून नेटवर्कवरच्या टायसनची नक्कल करीत असे. मूळ जपानी कथेत हा टायसन म्हणजे ताकाओ किनोमिया. ताकाओ आओकी यांची ‘बाकुतेन शूट बेब्लेड’ ही मांगा, म्हणजे चित्रकथा, १९९९ साली ‘कोरोकोरो कॉमिक’ या मुलांच्या मासिकात सुरू झाली. (नायकाला लेखकाने स्वतःचेच नाव दिले आहे!) त्याच वर्षी ताकारा कंपनीचे खेळणे बाजारात आले, २००१ मध्ये अ‍ॅनिमे, म्हणजे चलत्‌चित्रमालिका. कथा आणि जाहिरात जुळ्या बहिणींसारख्या जन्मल्या, हे लपवण्यात अर्थ नाही.

खेळ मात्र जुना. जपानी मुले बादलीवर जाड कापड ताणून त्यावर ‘बेइगोमा’ नावाचे छोटे ओतीव लोखंडी भोवरे लढवीत. त्याआधी शंखात वाळू भरून मेणाने तोंड बंद करीत, असे सांगतात. नव्या भोवऱ्यात दोरीची जागा दातेरी पट्टीने घेतली. चपट्या बुडाचा भोवरा रिंगणभर धावून धडकतो, टोकदार बुडाचा एका जागी तग धरतो. आपल्याकडे फिरता भोवरा जाळीने उचलून तळहातावर घेता येतो. इथे पट्टी ओढली की खेळाडूचे काम संपले. पुढे सगळे वस्तुमान, घर्षण आणि धडकेचा कोन यांच्या हाती.

इथेच कथाकाराची अडचण होते. नायकाने उभे राहून नुसते पाहायचे, तर गोष्ट कशी घडणार? उत्तर आहे ‘नेक्केत्सु’, शब्दशः तापलेले रक्त. जपानी किशोरकथांतील अशा नायकाला हेच विशेषण लावतात. ताकाओ उतावळा, खादाड, हरल्यावर चवताळणारा. त्याच्या भोवऱ्यात ड्रॅगन वसतो आणि तो हाकेला ओ देतो. त्याचा मित्र क्योजू संगणकावर आकडेमोड करतो, ती बहुधा बरोबर असते. तरी सामना फिरतो तो आरोळीने. हे भौतिकशास्त्र नव्हे. हात बांधले गेल्यानंतर माणसाजवळ जे उरते, ते या कथेने नाट्य म्हणून उभे केले.

ही ऊब केवळ जिंकण्यापुरती नाही, म्हणून मला ताकाओ आवडू लागला. पहिल्या पर्वात त्याचा थंड, एकलकोंडा प्रतिस्पर्धी काय हिवातारी मित्रांना सोडून जातो. गोठलेल्या बैकल सरोवरावर तो त्यांच्याशीच लढतो आणि हरतो. पायाखालचा बर्फ तडकतो. तो बुडायला तयार आहे. मित्र मात्र हात पुढे करून त्याला हाका मारत राहतात. भोवऱ्याला कान नसतील, कायला होते.

गेल्या दिवाळीत माळा आवरताना ते दोन भोवरे सापडले. मुलाने त्यातला एक परातीत सोडला. तो ओरडला नाही. मी वाट पाहत होतो.