परदेशच्या गावातील नाटक



पोटापाण्यासाठी परदेशी बिऱ्हाड करणाऱ्या जोडप्यांची संख्या आमच्या अहिल्यानगर जिल्ह्यातही (जुन्या सवयीने मी नगरच म्हणेन) आता थोडी राहिलेली नाही. निघताना वडीलधारी माणसे लोणच्याची बरणी व मेतकूट बांधून देतात आणि थंडीविषयी व काटकसरीविषयी चार उपदेश करतात. त्यांत मला एकाची भर घालावयाची आहे : ज्या गावी राहाल, त्या गावच्या नाटकास दोघांनी मिळून जात जा. हा सल्ला चैनीचा नाही. तो का देतो, ते सांगतो.

प्रथम उलट्या दिशेचे उदाहरण घेऊ. १६ एप्रिल १९१८ रोजी आमच्या नगरास, तोफखान्यात नोकरीस असलेल्या लिओ मिलिगन ह्या आयरिश गृहस्थाच्या घरी मुलगा झाला. तोच पुढे स्पाइक मिलिगन ह्या नावाने विनोदी लेखक व नट म्हणून गाजला. १९५१ ते १९६० ह्या काळात बी. बी. सी.ने ऐकविलेल्या ‘गून शो’चा तो प्रमुख लेखक. त्याच्या आईवडिलांनाही रंगभूमीचा नाद होता. लिओ गाई, नाचे. फ्लॉरेन्सबाई पियानो वाजवीत व गात. आणि लष्करी करमणुकीच्या प्रयोगांत ही दोघे भाग घेत. परंतु अशा करमणुकी छावणीतल्या, छावणीसाठी. त्याच काळी महाराष्ट्रात १९१३ साली निघालेली गंधर्व नाटक मंडळी रसिकांना वेड लावीत होती आणि कवी अनंत फंदींच्या संगमनेरचा हा जिल्हा तमाशाच्या फडांनी गाजत होता. दोन्ही करमणुकी एकाच मुलखातल्या, पण पंगती निराळ्या.

आज आपली मुले परदेशात नकळत तशीच छावणी उभारतात. लंडनचे महाराष्ट्र मंडळ १९३२ पासूनचे. अमेरिकेतील बृहन्महाराष्ट्र मंडळ १९८१ चे. तेथील मराठी नाटकांस अवश्य जावे. मायबोलीतल्या हशाची सर दुसऱ्या हशाला येत नाही. परंतु तेवढ्यावरच थांबले, तर दहा वर्षे राहूनही शेजारी कशाला हसतो ते कळत नाही.

ह्यासाठी लंडनच्या मोठ्या नाट्यगृहांतील महागडी तिकिटे काढण्याची जरुरी नाही. इंग्लंडातील लहानसहान गावांतूनही हौशी नाटक मंडळ्या असतात. त्यांत शाळामास्तर, दुकानदार, दवाखान्यातील बाई अशी माणसे कामे करतात. नाताळच्या सुमारास त्या ‘पँटोमाइम’ नावाचा खेळ करतात. नवख्याला हा प्रकार पोरकट वाटतो : गोष्ट सिंड्रेलाची किंवा अल्लादीनची, आणि तीत एक धिप्पाड पुरुष म्हातारीच्या वेषात येऊन वात्रटपणा करतो! पण ज्याने तमाशातील गवळण पाहिली आहे, त्याने गोंधळून जाण्याचे कारण काय? मथुरेच्या बाजाराला निघालेल्या गवळणींबरोबरची मावशी आठवा. तीही लुगडे नेसलेला पुरुषच. अल्लादीनची आई, धोबीण ट्वँकी, ही त्या मावशीची सख्खी बहीण शोभेल. आमचा सोंगाड्या बतावणीत गावच्या पुढाऱ्यांना चिमटे काढतो, तशीच ही धोबीणही नगरपालिकेची आणि शेजारच्या गावाची टर उडविते. खलनायक आला की लोकांनी हुर्यो करावयाची. तो नायकाच्या पाठीशी उभा राहिला की ‘मागे बघ!’ म्हणून ओरडावयाचे. येथे गप्प बसणे हाच असभ्यपणा. परक्या माणसाला गावाबरोबर मोकळेपणाने ओरडता येईल असे दुसरे ठिकाण मला तरी माहीत नाही.

आता जोडप्याविषयी. एकाला कचेरी असते; दिवसभर माणसे भेटतात, भाषा कानावर पडते. दुसरे माणूस, बहुधा पत्नी, चार भिंतींत राहते. तिला गावात नावाने हाक मारणारे कोणी नसते. ही एकलकोंडी अवस्था पत्रांतून कळत नाही; पत्रांत सर्व क्षेम असते. नाटकाच्या बाकावर मात्र दोघे सारखीच अडाणी असतात. अर्धे विनोद त्याला कळत नाहीत, अर्धे हिला. घरी परतताना दोघांना बोलावयास विषय मिळतो. शिवाय हौशी मंडळींना हात नेहमीच कमी पडतात. पोशाख शिवणे, पडदे रंगविणे, दाराशी तिकिटे पाहणे, ह्यांस उच्चार शुद्ध लागत नाहीत. माझ्या मते भाषावर्गापेक्षा अशा ठिकाणी भाषा लवकर येते.

अमेरिकेत असाल तर उन्हाळ्याकडे लक्ष ठेवा. न्यूयॉर्कच्या सेंट्रल पार्कमधील उघड्या नाट्यगृहात १९६२ पासून शेक्सपियरची नाटके विनामूल्य दाखविण्याची प्रथा आहे. जुनी इंग्रजी कानांना जड जाते, म्हणून कथानक आधी वाचून जावे. आपल्याकडे त्याची सोयही जुनीच : आगरकरांचे ‘विकारविलसित’ (१८८३) म्हणजे ‘हॅम्लेट’, आणि देवलांचे ‘झुंझारराव’ (१८९०) म्हणजे ‘ऑथेल्लो’. आजोबांच्या कपाटातील ही पुस्तके जाताना सामानात टाकण्यास हरकत नाही. मेतकुटाहून ती अधिक दिवस टिकतात.

एक व्यवहाराची सूचना राहिली. आपल्याकडे तिसरी घंटा झाल्यावरही माणसे खुर्च्या शोधीत येत असतात. तिकडे पुष्कळ नाट्यगृहांत खेळ सुरू झाला की दार लागते, आणि उशिरा आलेल्यास योग्य वेळ येईपर्यंत, कधी कधी मध्यंतरापर्यंत, बाहेर तिष्ठावे लागते. तेव्हा घरून अर्धा तास आधी निघावे.