दुसऱ्याच्या घरात ढवळाढवळ नको



पंचशील हा शब्द तुम्ही ऐकला असेल. भगवान बुद्धांचे पंचशील निराळे, हे देशांचे. २९ एप्रिल १९५४ रोजी भारत आणि चीन यांचा करार झाला. त्यात पाच तत्त्वे लिहिली. तिसरे तत्त्व असे, की एकमेकांच्या अंतर्गत कारभारात हस्तक्षेप करायचा नाही. हस्तक्षेप म्हणजे मधे हात घालणे. शेजारच्या काकांनी यंदा नागली लावायची की वरी, हे काकांनीच ठरवायचे. बांधावरून दोन शब्द सांगितले तर चालते, पण त्यांच्या शेतात आपला नांगर घालायचा नाही. देशांचेही तसेच. (पुढे १९६२ साली चीननेच आपल्यावर हल्ला केला, ते सोडा.)

पण घर कोणाचे यावरच भांडण असले तर? असे आपल्या जवळच झाले. शहापूरहून वाडा, विक्रमगड करत उत्तरेला गेले की दादरा आणि नगर हवेली लागते. १७७९ साली पेशव्यांनी पोर्तुगीजांशी तह केला, त्यावरून हा मुलूख त्यांच्याकडे गेला. १९४७ ला इंग्रज गेले, पण पोर्तुगीज काही हलेनात. ते म्हणत, हा आमच्या घरचा कारभार आहे, तुम्ही मधे पडू नका. पण त्या घरात राहणाऱ्या वारली, कोकणा लोकांना कोणी विचारलेच नव्हते!

१९५४ सालीच, जुलै-ऑगस्टमध्ये, स्वयंसेवकांनी आणि तिथल्या लोकांनी पोर्तुगीजांना घालवून दिले. गीतरामायणाचे गायक सुधीर फडकेसुद्धा त्यात होते. भारताने फौज पाठवली नाही. पण दमणहून पोर्तुगीज शिपायांना तिकडे जायचे तर मधे भारताची जमीन. भारताने वाट दिली नाही.

मग वाट न देणे ही ढवळाढवळ झाली का? पोर्तुगालने १९५५ साली हेग येथील आंतरराष्ट्रीय न्यायालयात फिर्याद केली. १२ एप्रिल १९६० ला निकाल लागला. साधी माणसे, मुलकी अधिकारी आणि माल नेण्याचा हक्क पोर्तुगालला होता, फौज आणि हत्यारे नेण्याचा नव्हता. भारताचे चुकले नाही, असे न्यायालयाने सांगितले. मला हे पटते. आपल्या अंगणातून कोणी काठ्या घेऊन दुसऱ्याला मारायला निघाला, तर आपण त्याला अडवणारच ना!

त्यानंतरही भारताने तो मुलूख लगेच घेतला नाही. सात वर्षे तिथल्या लोकांची वरिष्ठ पंचायत कारभार बघत होती. ११ ऑगस्ट १९६१ रोजी तो भारतात आला. गोव्यात मात्र त्याच वर्षी डिसेंबरात भारताने फौज पाठवली. ती ढवळाढवळ होती का, यावरून आमच्या वर्गात खूप भांडण झाले. गुरुजींनी त्यावर वेगळा लेख लिहायला सांगितला आहे. तो पुढच्या अंकात लागेल.