देखणी झुंज, रेंगाळणारी कथा : तंजावरच्या प्रह्लादकथेच्या उजेडात ‘डीमन स्लेयर’

तिरुवैयारु (जि. तंजावर, तमिळनाडू) : कावेरीकाठच्या याच गावी राहून त्यागराजांनी (१७६७-१८४७) ‘प्रह्लाद भक्ति विजयम्’ हे तेलुगू संगीतनाटक रचले. कथा दैत्य आणि देव यांच्या संघर्षाची. तरीही या नाटकात हिरण्यकशिपू पात्र म्हणून येत नाही आणि नरसिंहाच्या हातून त्याचा वधही घडत नाही. याच जिल्ह्यातील मेलत्तूर येथे मात्र नरसिंह जयंतीच्या सुमारास होणाऱ्या भागवत मेळ्यात तीच कथा वधाच्या टोकापर्यंत नेली जाते. नरसिंहाचा मुखवटा तेथे पूज्य मानला जातो आणि तो धारण करणारा कलावंत उपवास करून रंगभूमीवर येतो. दैत्याच्या गोष्टीत झुंज किती असावी आणि अंतःकरण किती, याची दोन उत्तरे या एका परिसरात मिळतात.

‘डीमन स्लेयर’ या जपानी अ‍ॅनिमे मालिकेचे गुणदोष तपासतानाही हाच प्रश्न समोर येतो. तिच्या शेवटच्या पर्वावरील चित्रपटत्रयीचा पहिला भाग, ‘इन्फिनिटी कॅसल’, १२ सप्टेंबर २०२५ रोजी भारतात जपानी, इंग्रजी, हिंदी, तमिळ आणि तेलुगू भाषांत प्रदर्शित झाला. लहान मुलांची करमणूक म्हणून अ‍ॅनिमेकडे पाहणाऱ्या अनेक पालकांना मुलांच्या तोंडून हे नाव ऐकावे लागले.

मूळ चित्रकथा कोयोहारु गोतोगे यांची. २०१६ ते २०२० या काळात ती साप्ताहिकातून क्रमशः आली आणि २३ खंडांत पूर्ण झाली. ‘युफोटेबल’ या संस्थेने २०१९ मध्ये, हारुओ सोतोझाकी यांच्या दिग्दर्शनाखाली, तिची २६ भागांची मालिका केली. काळ तैशो युगाचा, म्हणजे विसाव्या शतकाच्या दुसऱ्या-तिसऱ्या दशकांचा. कोळसा विकून घर चालवणारा तांजिरो एका सकाळी घरी परततो, तेव्हा दैत्याने त्याच्या कुटुंबाची कत्तल केलेली असते. वाचलेली बहीण नेझुको स्वतः दैत्य झाली आहे. तिला पुन्हा माणूस करण्यासाठी तो दैत्यसंहारकांच्या दलात दाखल होतो. तिला लाकडी पेटीत पाठीवर घेऊन हिंडणारा भाऊ, ही या मालिकेची खरी प्रतिमा.

मालिकेचे पहिले बळ तिच्या चित्रांत आहे. तांजिरोच्या तलवारीतून उसळणाऱ्या लाटा जुन्या जपानी काष्ठमुद्राचित्रांच्या जाड रेषांत रेखाटलेल्या आहेत, तर त्यांच्या मागे फिरणारा ‘कॅमेरा’ आजच्या संगणकीय तंत्राचा आहे. या दोहोंचा सांधा क्वचितच दिसतो. पहिल्या पर्वातील एकोणिसाव्या भागात कोळ्याच्या जाळ्यासारखे धागे फेकणाऱ्या दैत्याशी झुंज चालू असताना बहुतेक आवाज मागे पडतात आणि गो शिइना यांचे गीत पुढे येते. मालिकेची कीर्ती दूरवर पोहोचण्यात या भागाचा वाटा मोठा आहे. पुढे २०२० च्या ‘मुगेन ट्रेन’ या चित्रपटाने जपानमध्ये ४० अब्ज येनहून अधिक कमाई करून तेथील उत्पन्नाचा उच्चांक मोडला.

दुसरे बळ करुणेचे. तांजिरो दैत्याचे मस्तक छेदतो आणि विरघळत जाणाऱ्या त्याच्या हाताला धरून त्याच्यासाठी प्रार्थना करतो. मरताना दैत्याला आपले मनुष्यपण आठवते. जय-विजयांच्या शापाची कथा ऐकत वाढलेल्या भारतीय प्रेक्षकाला यात परके काही वाटू नये.

मात्र दुखणेही येथेच आहे. दैत्य मरू लागला की त्याचे पूर्वायुष्य सांगायचे, हा साचा इतक्यांदा येतो की पुढे काय घडणार ते प्रेक्षक आधीच ओळखतो. ‘इन्फिनिटी कॅसल’मध्ये अकाझा या दैत्याची पूर्वकथा हृदयस्पर्शी असली, तरी ती झुंजीच्या ऐन भरात सुरू होते आणि दीर्घकाळ चालते. कीर्तनाची रीत येथे आठवते. पूर्वरंगात निरूपण आटोपून कीर्तनकार उत्तररंगात आख्यान लावतो. आख्यानाच्या ओघात तो थांबला तरी कुठे थांबावे याचे भान त्याला असते. मराठी हरिदासांनी ही रीत तंजावरला नेली, तंजावर कृष्ण भागवतर यांनी तिच्यातून तमिळ हरिकथेला आकार दिला आणि साकी, दिंडी, ओवी ही वृत्ते तेथे रुळली. नेमके हे थांबण्याचे भान पटकथाकारांकडे कमी पडते. २०२४ चे ‘हशिरा ट्रेनिंग’ पर्व तर मोजक्या प्रकरणांचा ऐवज आठ भागांत ताणून सादर करते.

नेझुकोच्या बाबतीतला दोष अधिक गंभीर म्हणावा लागेल. जिच्यासाठी सारा खटाटोप, तीच तोंडात बांबू धरून बहुतेक काळ अबोल राहते आणि ‘इन्फिनिटी कॅसल’मध्ये तिच्या वाट्याला जवळजवळ काही येत नाही. झेनित्सु या सोबत्याचा आरडाओरडा विनोद म्हणून योजलेला आहे. पण गंभीर प्रसंगाचा रसभंग करण्यापलीकडे तो अनेकदा काही साधत नाही. खलनायक मुझानचे दुष्टपण एकसुरी आहे, त्याच्या हाताखालच्या दैत्यांना मिळालेली खोली त्याला मिळालेली नाही. पालकांनी एवढे मात्र ध्यानात घ्यावे की रक्तपात पहिल्याच भागापासून आहे आणि शिरच्छेद हा कथेचा नित्याचा भाग आहे. दहा-अकरा वर्षांच्या मुलासाठी ही मालिका नाही.

या साऱ्यात भाषेचा मुद्दा मराठी प्रेक्षकाला टोचणारा आहे. तंजावरवर भोसले घराण्याने सतराव्या शतकाच्या उत्तरार्धापासून राज्य केले आणि १८५५ मध्ये ते खालसा झाले. दरबारात मराठी नाटके लिहिली गेली, सरस्वती महाल ग्रंथालयात मराठी व मोडी हस्तलिखिते जपली गेली. तंजावरी मराठी बोलणाऱ्या घरांतील मुलांना तांजिरोची गोष्ट आज तमिळमध्ये ऐकता येते, तीही घराबाहेर रोज कानी पडणाऱ्या भाषेत. पुण्या-नागपूरच्या मुलांनी तो चित्रपट हिंदीत किंवा इंग्रजीत पाहिला. प्रदर्शनाच्या भाषांत मराठीचा समावेश नव्हता.